कुरण हिरवं, तरी आधी वाळला चारा

मांसासाठी वाढवायची जनावरं दवात भिजलेल्या कोवळ्या लसूणघासात मी उपाशीपोटी सोडत नाही. एकदा सोडली, तर तासाभरात एका गोऱ्ह्याची डावी कूस ढोलासारखी फुगली! आता आधी वाळला चारा, मग दव उतरल्यावर चराई.

गवत वीतभर झालं की सोडायचं, चार बोटं उरलं की हलवायचं. हाव करू नका, मुळं दमतात.

400 किलोच्या जनावराला रोज साधारण 10 किलो कोरडा चारा लागतो. हिरव्यात बहुतेक पाणीच, म्हणून तो चौपट.

टंचाईसाठी 100 किलो काडावर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, 21 दिवस हवाबंद झाका. उघडल्यावर उग्र वास जाईपर्यंत पसरा. सहा महिन्यांखालच्या वासरांना मात्र हे काड देऊ नका.