तात्सुरो यामाशिता ऐकायला सुरुवात कुठून करावी?

‘प्लास्टिक लव्ह’ ऐकून ऐकून पाठ झालं, आता पुढे काय? सिटी पॉपच्या, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या शहरी जपानी पॉपच्या, नादी लागलेल्या बहुतेकांचं गाडं इथे अडतं. पुढची वाट त्याच गाण्यात आहे. 1984 सालचं ते गाणं मारिया ताकेउचीचं, शब्द आणि चालही तिचीच. पण अरेंजमेंट, म्हणजे वाद्यांची आणि आवाजांची मांडणी, तिच्या नवऱ्याची. तात्सुरो यामाशिता, जन्म तोक्योतला, 1953 चा. लिहितो, चाल लावतो, गातो, गिटार वाजवतो, आणि स्टुडिओत शेवटचा शब्द त्याचाच असतो.

मी स्वतः सुरुवात चुकीची केली. निवडक गाण्यांचा जाडजूड संच मिळवला आणि एका रविवारी सलग लावला. दुसऱ्या सीडीच्या मध्यावर सगळी गाणी सारखीच वाटायला लागली. पुरणपोळ्यांचं जसं होतं तसं झालं, तिसरीनंतर चव कळेना. म्हणून हा क्रम.

पायरी 1: आधी गाणी मिळवा

त्याचे गाजलेले अल्बम स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपवर शोधत बसू नका. हा गृहस्थ त्या व्यवहाराच्या ठाम विरोधात आहे आणि तसं त्यानं मुलाखतीत स्पष्ट सांगितलंय. यूट्यूबवर ‘स्पार्कल’चा अधिकृत व्हिडिओ आहे, सुरुवातीला तेवढा पुरे. आवडलं तर जपानहून जुनी सीडी मागवा; पोस्टेज आणि कस्टम धरूनच हिशेब करा. शोधताना त्याचं नाव जपानी लिपीत कॉपी करून टाका, रोमन लिपीत न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी सापडतात.

पायरी 2: ‘स्पार्कल’ तीनदा ऐका

1982 च्या जानेवारीत आलेल्या ‘फॉर यू’ अल्बममधलं हे पहिलंच गाणं. हेडफोन लावा. गाणं एकट्या गिटारनं उघडतं. ती त्याची तपकिरी टेलिकास्टर, फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार. डाव्या हाताची बोटं तारा दाबतात आणि लगेच सैल होतात. उजवा हात मात्र एका ठोक्याचे चार भाग करत खाली-वर चालूच. त्यामुळे जेवढे सूर वाजतात, तेवढाच मधला ‘चक् चक्’ असा कोरडा आवाजही वाजतो, तबल्यावरच्या बंद बोलासारखा. याला ‘कटिंग’ म्हणतात. पहिल्या वेळी फक्त हाच हात ऐका. बाकी वाद्यं आली तरी त्याचा पिच्छा सोडू नका.

दुसऱ्या वेळी खालची बाजू ऐका. ड्रमवर जुन आओयामा, बासवर कोकी इतो. ही जोडी यामाशिताला सापडली आणि त्याच्या गाण्याला पाया मिळाला, असं माझं मत. आओयामा उगाच काही भरत नाही. ठोका जिथे हवा तिथे, जड आणि सरळ.

तिसऱ्या वेळी मागचे आवाज. गाण्याचे शब्द गायिका मिनाको योशिदाचे, आणि कोरसमध्येही ती आहे. यामाशिताला आवाजांचे थर रचायचं वेडच आहे. 1980 मध्ये त्यानं ‘ऑन द स्ट्रीट कॉर्नर’ नावाचा अल्बम काढला. त्यात जुनी अमेरिकन डू-वॉप गाणी, म्हणजे गटानं गळ्यातूनच सुरावट रचत गायची गाणी, वाद्यांशिवाय आहेत आणि सगळे आवाज याचे एकट्याचेच, एकावर एक चढवलेले.

जपानी येत नाही म्हणून अडू नका. मलाही येत नाही.

पायरी 3: नाचाची दोन गाणी

‘राइड ऑन टाइम’ (1980) मॅक्सेलच्या कॅसेटच्या जाहिरातीतून घराघरांत गेलं. जाहिरातीत समुद्रात उभा तो स्वतःच होता. एरवी टीव्हीकडे पाठ फिरवून बसणारा माणूस! सिंगल ओरिकॉनच्या, म्हणजे जपानच्या विक्रीक्रमाच्या, यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. सिंगलचं आणि अल्बममधलं ध्वनिमुद्रण वेगळं आहे, दोन्ही ऐका.

त्याच्या दोन वर्षं आधीचं ‘बॉम्बर’ मला जास्त प्रिय. सिंगलच्या मागच्या बाजूवर टाकलेलं हे गाणं ओसाकाच्या डिस्कोंनी उचललं. त्यातला बास ऐकताना खुर्चीवर नीट बसता येत नाही.

तेव्हा जपानमध्ये घोषवाक्यच झालं होतं: ‘उन्हाळा, समुद्र, तात्सुरो!’ त्यांचा उन्हाळा जुलै-ऑगस्टचा, म्हणजे आपल्याकडे छत्र्या गळत असतात तेव्हाचा. आपण ही गाणी एप्रिलमध्ये लावावीत.

पायरी 4: थोडं मागे जा

1975 चा ‘साँग्ज’ हा शुगर बेब या त्याच्या बँडचा एकुलता एक अल्बम. त्यातलं ‘डाउन टाउन’ पुरे. मग ‘स्पेसी’ (1977) मधलं ‘लव्ह स्पेस’ ऐका. तिथे बास हारुओमी होसोनोचा आहे, पुढे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा बँड काढणारा तोच.

पायरी 5: एक गाणं डिसेंबरसाठी राखून ठेवा

‘ख्रिसमस ईव्ह’ 1983 चं. रात्री उशिरा पावसाचा बर्फ होईल, आणि तू काही येणार नाहीस, असा सूर. चाल मात्र हसरी. गाण्याच्या मध्यावर वाद्यं बाजूला होतात आणि याच्याच अनेक आवाजांत पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा प्रसिद्ध कॅनन सुरू होतो. ती काही सेकंदं डोळे मिटून ऐकण्याची.

हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं ते सहा वर्षांनी, 1989 च्या डिसेंबरात. कारण रेल्वे! जेआर तोकाई या रेल्वे कंपनीनं ते जाहिरातीत वापरलं. त्या वर्षीच्या जाहिरातीत हातात भेटवस्तू घेऊन एक मुलगी नागोया स्टेशनवर धावत येते, आणि ज्याला भेटायचं तो दिसताच खांबाआड लपते. त्याच्या काही वर्षं आधीपासूनच दर नाताळात ते यादीत येत होतं, पुढेही येत राहिलं, आणि सलग 30 वर्षं यादीत झळकल्याबद्दल 2016 मध्ये गिनेसनं विक्रम म्हणून नोंदवलं.

पायरी 6: नंतरची गाणी, निवडून

1986 चा ‘पॉकेट म्युझिक’ सध्या बाजूला ठेवा. डिजिटल ध्वनिमुद्रण तेव्हा नवीन होतं, आणि माझ्या कानाला तो आवाज अजूनही पातळ लागतो. 1991 चं ‘अतोमु नो को’ मात्र चुकवू नका. ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या चित्रकथेचा जनक ओसामू तेझुका 1989 मध्ये गेला, त्याच्या आठवणीत केलेलं गाणं आहे, आणि ड्रम असे की रडायची सोयच नाही.

शेवटी ‘फ्रॅजाइल’ (1998). ते दोन-तीनदा ऐकून झालं की टायलर, द क्रिएटर या अमेरिकन रॅपरच्या 2019 च्या ‘इगॉर’ अल्बममधलं ‘गॉन, गॉन / थँक यू’ लावा आणि ओळखीची चाल कुठे येते ते पकडा.