संबंधानंतर एचआयव्हीची धास्ती: या चुका टाळा

कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, आणि सकाळपासून पोटात गोळा आलाय. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात घर म्हणजे आई-बाबा, आजी, येणारेजाणारे, विचारायचं कुणाला? मग दार लावून मोबाइलवर लक्षणं शोधणं सुरू होतं. दोन दिवस त्यातच जातात, आणि खरं काही करता येण्यासारखे दिवस नेमके तेच असतात.

घड्याळाकडे न पाहणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधं असतात, त्यांना पीईपी म्हणतात. ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. पुढे २८ दिवस रोज घ्यायची. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग उरत नाही, म्हणून "सोमवारी बघू" म्हणू नका. इंदूरमध्ये सरकारी एमवाय हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरमध्ये (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) किंवा एचआयव्हीचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. रात्र असेल तर मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जाऊन विचारा. तिथे चारच गोष्टी स्पष्ट सांगा: किती तास झाले, संबंध कोणत्या प्रकारचा होता, कंडोमचं काय झालं, आणि जोडीदाराबद्दल काय माहीत आहे. लाजून "मित्राला विचारायचंय" असं म्हटलंत तर डॉक्टरांना नीट ठरवता येत नाही. पीईपी प्रत्येकाला लागतेच असं नाही, पण तो निर्णय त्यांचा.

दवा बाजारातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणणं, मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेणं, मळमळलं म्हणून आठ दिवसांत थांबणं, हे सगळं टाळा. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. पीईपीतल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाबरोबर त्या एकाच वेळी घेतल्या तर ते औषध शरीरात नीट शोषलं जात नाही.

जिथे धोका नाही तिथेही घाबरणं

चुंबन, मिठी, एका ताटात जेवणं, टॉवेल, संडास, डास यांतून एचआयव्ही होत नाही. धोका असतो तो कंडोमविना योनीमार्गाच्या किंवा गुदमार्गाच्या संबंधात. मुखमैथुनात तो फारच कमी. आकडे पाहिले तर मन थोडं स्थिरावतं. जोडीदाराला एचआयव्ही असेल आणि त्याचे उपचार चालू नसतील, तरी योनीमार्गाच्या एका संबंधात स्त्रीला होणारा धोका सरासरी १०,००० पैकी ८, पुरुषाला ४. गुदमार्गाने संबंध स्वीकारणाऱ्याला मात्र तो १३८ च्या आसपास. जखम किंवा दुसरा लैंगिक आजार असेल तर धोका वाढतो. उलट जोडीदार नियमित औषधं घेत असेल आणि त्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नसेल, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. "चांगल्या घरातली वाटली" किंवा "तब्येतीने ठणठणीत होता" यावरून मात्र काहीच कळत नाही.

लक्षणांवरून निदान करणं

संसर्ग झालाच तर साधारण दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येऊ शकतं. काहींना काहीच होत नाही. धडधड, जुलाब, घाम, झोप न लागणं हे तर नुसत्या भीतीनेही होतं. पावसाळ्यात इंदूरला ताप यायला शंभर कारणं असतात. उत्तर तपासणीच देते.

तपासणी फार लवकर, किंवा पुन्हा पुन्हा

दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट या घटनेबद्दल काहीच सांगत नाही. तो आधीची स्थिती सांगतो. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची तपासणी (विषाणूचा अंश आणि अँटीबॉडी दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी भरवशाची होते. बोटाला टोचून केलेल्या साध्या, फक्त अँटीबॉडी म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या तपासणीसाठी ९० दिवस धरा. पीईपी घेतली असेल तर तारखा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, कारण औषधामुळे संसर्ग उशिरा दिसू शकतो. पहिली तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह (संसर्गाची शक्यता दाखवणारी) आली म्हणजे निदान झालं असंही नाही. वेगवेगळ्या किटवर पुन्हा तपासून मगच नक्की सांगतात. आणि नक्की झालंच तर सरकारी एआरटी सेंटरमध्ये औषधं मोफत मिळतात. ती वेळेवर घेणारी माणसं नोकरी-संसार करत पूर्ण आयुष्य जगतात.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे: फुकटात तपासणी होईल म्हणून रक्तदान शिबिरात जाऊ नका. सुरुवातीच्या दिवसांत संसर्ग तपासणीत सापडेलच असं नाही, आणि ते रक्त कुणा आजारी माणसाला चढवलं जाऊ शकतं.

कुणी ओळखेल म्हणून न जाणं

सरकारी आयसीटीसी केंद्रात समुपदेशन आणि तपासणी मोफत असते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि माहिती गुप्त ठेवावी लागते. तरी एमवायमध्ये काकांचा मित्र दिसेल अशी धास्ती असेल तर देवास किंवा उज्जैनच्या जिल्हा रुग्णालयात जा, पण ७२ तासांचं भान ठेवून. आधी बोलायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

फक्त एचआयव्हीचाच विचार करणं

गर्भधारणेची शक्यता असेल तर तातडीची गर्भनिरोधक गोळीही जितक्या लवकर तितकी बरी, शक्यतो ७२ तासांच्या आत घ्या. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बीची तपासणी याच वेळी विचारून घ्या. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तीही. आणि घरी पती किंवा पत्नी असेल तर शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापराच. त्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं.

योग्य मुदतीनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी मन मानत नाही आणि नवीन लॅब शोधावीशी वाटते, असं अनेकांचं होतं. त्यामागे बहुतेकदा अपराधीपण असतं आणि चिंतेचा आजारही असू शकतो. आणखी एका रिपोर्टने तो बरा होत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. तिथे दिवसरात्र मोफत मदत मिळते.