गाडीसाठी पॉलिशिंग मशिन निवडताना वॅट नको, थ्रो बघा

ठाण्या-नवी मुंबईच्या सोसायट्यांत सकाळी दहा-बारा गाड्या एकाच बादलीतल्या पाण्याने, एकाच फडक्याने पुसल्या जातात. घोडबंदर रोडवरची बांधकामाची धूळ, तुर्भे-महापेकडची काजळी, सगळं त्या फडक्यात. वर्षभरात गडद रंगाच्या बॉनेटवर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसायला लागतात. हाताने कितीही घासा, ते जात नाहीत. वॅक्सने काही दिवस झाकले जातात, एवढंच. ते खरोखर काढायचे तर क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, वरचा अगदी पातळ थर घासून समपातळीत आणावा लागतो, आणि त्यासाठी मशिन लागतं.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. घोळ होतो तो दुकानात. "साहेब, हे घ्या, चौदाशे वॅटचं आहे," असं म्हणून जे पुढे सरकवलं जातं ते बहुतेक वेळा रोटरी असतं, आणि पहिल्यांदा मशिन हातात धरणाऱ्या माणसाने घेऊ नये असं तेच एक मशिन आहे.

पहिली पायरी: प्रकार ठरवा

अँगल ग्राइंडर आणि ड्रिलला लावायचा फोम, हे दोन्ही यादीतून लगेच काढा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो. पेंटला तो काही सेकंदांत जाळतो. ड्रिलवर दाब तिरका पडतो आणि पॅड एकाच कडेवर घासत राहतो.

रोटरी म्हणजे पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतो. बॉश जीपीओ १२ सीई किंवा मकिता ९२३७सी ही या प्रकारातली चांगली, टिकाऊ मशिनं. गॅरेजमधले पेंटर यावरच काम करतात आणि सरावलेल्या हातात त्याला तोड नाही. पण उष्णता एका जागी साठते. फॅक्टरीतून येणाऱ्या पेंटचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतात, त्यातला क्लिअर कोट ४०-५० च्या आसपास. दाराच्या घडीवर किंवा बॉनेटच्या कडेवर हा थर आणखी पातळ असतो. तिथे रोटरी दोन-तीन सेकंद जास्त थांबलं की रंग उघडा पडतो. त्यावर उपाय पॉलिशचा नसतो, पेंटरचा असतो. आणि पेंट वाचला तरी उन्हात तिरक्या झगमगत्या रेषा दिसतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. त्या काढायला शेवटी ड्युअल ॲक्शन मशिनच लागतं.

ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए, यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय छोट्या वर्तुळात घिरट्याही घालतो. फिरणं मोकळं असतं, म्हणजे दाब वाढला की पॅड आपोआप थांबतो. याच कारणाने ते नवख्याच्या हातातही सुरक्षित राहतं, आणि याच कारणाने नीट न निवडलेलं डीए काहीच काम करत नाही.

तिसरा प्रकार गिअरवर फिरणारा, फोर्स्ड रोटेशनचा. फ्लेक्स एक्ससी ३४०१ व्हीआरजी हे त्याचं ओळखीचं उदाहरण, ८ मिमी थ्रोचं. याचा पॅड दाबाने थांबत नाही, कापही चांगला होतो. पण ते हाताला ओढतं, थरथर जास्त असते आणि कडेवरही थांबत नाही. दुसरं मशिन म्हणून उत्तम, पहिलं म्हणून नको.

घरच्या एक-दोन गाड्यांसाठी मोकळं फिरणारं डीए घ्या. यावर फार विचार करायची गरज नाही. खरा विचार पुढच्या पायरीत आहे.

दुसरी पायरी: थ्रो आणि प्लेट, तुमच्या गाडीच्या पत्र्यावरून

थ्रो म्हणजे पॅड ज्या छोट्या वर्तुळात घिरट्या घालतो त्याचा व्यास. प्लेट, म्हणजे बॅकिंग प्लेट, ही मशिनवरची पॅड चिकटवायची चकती. बाजारात ८, १२, १५ आणि २१ मिलिमीटरची मशिनं मिळतात. थ्रो जास्त तर एका घिरटीत पॅड जास्त अंतर कापतो, काम लवकर होतं. म्हणून "मोठा थ्रो घ्या, वेळ वाचेल" हा सल्ला सर्रास दिला जातो. सपाट पत्र्यावर तो खरा आहे. वळणावर तो पार उलटा पडतो: मोठ्या थ्रोचा पॅड वळणदार पत्र्यावर एका बाजूने टेकतो, घर्षण एकीकडेच वाढतं आणि फिरणं बंद पडतं. मग मशिन नुसतं थरथरतं. आवाज येतो, कंपाउंड (पेंट घासणारी पेस्ट) पसरतं, ओरखडे जिथल्या तिथे.

आपल्याकडच्या गाड्या बघा. स्विफ्ट, बलेनो, पंच, नेक्सॉन यांच्या दारांवर घड्या आहेत, मडगार्डवर फुगवटे आहेत, बंपर तर सगळा वळणांचाच. यांच्यावर २१ मिमीचं मशिन म्हणजे बॉनेट आणि छत सोडून बाकी सगळीकडे झगडा. इनोव्हा, फॉर्च्युनरसारख्या गाडीचं मोठं बॉनेट आणि छत यांवर मात्र २१ मिमी आणि ६ इंची (१५० मिमी) प्लेट वेळ वाचवते.

दुकानात जाण्याआधी जाड पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापा: १५० मिमी, १२५ मिमी आणि ७५ मिमी. गाडीच्या प्रत्येक भागावर त्या ठेवून बघा. मध्यभाग टेकलेला असताना कड पेन्सिलीच्या जाडीएवढी वर राहत असेल, तर त्या मापाची प्लेट तिथे नीट चालणार नाही. खोलगट भागावर उलटं बघा: कडा टेकतात आणि मध्ये पोकळी राहते का? खोलगट जागी पॅड सगळ्यात आधी अडकतो, कारण फक्त कडेवर भार येतो. गाडीच्या किती भागावर कोणती चकती बसली याची नोंद ठेवली की मशिन जवळपास ठरलंच. बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींवर १२५ मिमीची चकती सर्वांत जास्त ठिकाणी बसते. त्यांच्यासाठी १५ मिमी थ्रो आणि ५ इंची (१२५ मिमी) प्लेट ही जोडी. रूपेसचं एलएचआर १५ याच मापाचं आहे, आणि स्वस्तातली बरीच मशिनंही त्याच मापावर बेतलेली असतात. ज्यांच्या गाडीवर वळणं खूपच आहेत त्यांना ८ किंवा १२ मिमी जास्त मानवेल. वेळ थोडा जास्त लागेल, पण पॅड फिरत राहील. पिलर, आरशांची कव्हरं, नंबर प्लेटभोवतालचा भाग यांसाठी ३ इंची छोटं मशिन नंतर घेता येतं.

इथे दोन फसवणुकींपासून सावध राहा.

पहिली: डीए पॉलिशर म्हणून विकलं जाणारं ऑर्बिटल सँडर. दिसायला सारखंच असतं, पण त्याचा थ्रो २.५ ते ५ मिमी असतो. ते लाकूड किंवा पुट्टी घासायला बनवलेलं आहे. खोक्यावर थ्रोचा आकडा छापलेला नसेल तर ते मशिन घेऊ नका, मग वॅट कितीही लिहिलेले असोत.

दुसरी: "प्लेट बदलता येते, पाच इंच, सहा इंच, काहीही लावा." मशिनच्या आतलं काउंटरवेट, म्हणजे तोल राखणारं वजन, ठरावीक मापाच्या प्लेट-पॅडच्या वजनाशी जुळवलेलं असतं. प्लेट बदलली की हा तोल जातो, हाताला मुंग्या येतात आणि बेअरिंग लवकर संपतं. कंपनीने लिहून दिलेल्या मापाबाहेर जाऊ नका. पॅडही प्लेटपेक्षा साधारण एक इंचापर्यंतच मोठा असावा आणि जाडी २५ मिमीच्या आसपास किंवा कमी. जाड, मऊ फोम मशिनची हालचाल स्वतःच गिळतो आणि पत्र्यापर्यंत काही पोचू देत नाही.

तिसरी पायरी: मार्करची चाचणी

पैसे देण्याआधी ही केलीच पाहिजे. नागदेवी स्ट्रीटवर (मशीद स्टेशनला उतरून चालत, ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशी-पनवेलकडून हार्बरने थेट जाता येतं) हत्यारांची दुकानं आहेत, तिथे मशिन चालवून बघायला मागा. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी करा. मशिनच्या मापाचा एक पॅड सोबत ठेवा.

बॅकिंग प्लेटच्या कडेवर पक्क्या मार्करने एक जाड उभी रेघ मारा. पॅडवर कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार थेंब टाका. पॅड आधी पत्र्यावर टेकवा, मगच बटण दाबा. वेगाच्या १ नंबरवर कंपाउंड पसरवून घ्या आणि ४ किंवा ५ वर आणा. आता रेघ बघा. ती सावकाश का होईना, पण गोल फिरताना दिसली पाहिजे. सेकंदाला एक फेरा तरी हवा. रेघ जागच्या जागी थरथरत असेल तर पॅड थांबलाय. तेव्हा सगळे जण एकच चूक करतात, आणखी जोर लावतात. जोराने पॅड आणखी घट्ट थांबतो. हात हलका करा, मशिन सपाट धरा, त्याचं डोकं एका बाजूला कलतंय का ते तपासा.

जोर किती, याचा अंदाज घरच्या वजनकाट्यावर घ्या. बंद मशिन काट्यावर ठेवून हाताने दाबा, मशिनच्या वजनासह ४ ते ६ किलो दिसले पाहिजेत. त्या दाबाला सपाट बॉनेटवर पॅड थांबत असेल, तर मशिन कमकुवत आहे, परत करा. बॉनेटवर फिरतो पण दारावर थांबतो, तर थ्रो किंवा प्लेट तुमच्या गाडीला मोठी आहे. दोन्ही ठिकाणी सुरुवातीला फिरतो आणि नंतर मंदावतो, तर दोष मशिनचा नाही: फोम कंपाउंडने भरून चिकट झालाय. ब्रशने साफ करा, नाहीतर पॅड बदला. हे तीन दोष वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. सगळ्यांना "मशिन खराब" म्हणून मोकळं होऊ नका.

चाचणीसाठी ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोन पुरे. आडव्या-उभ्या चार फेऱ्या, हाताचा वेग सेकंदाला २-३ सेंटिमीटर. सगळ्यात सौम्य पॉलिश आणि पिवळा किंवा तत्सम मध्यम फोम यांपासून सुरुवात करा. फोमच्या रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून पाकिटावर वाचा. ओरखडे गेले नाहीत तरच जास्त कापणारं कंपाउंड. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड अर्ध्या वेळात सुकतं आणि चाचणीच चुकीची ठरते, तेव्हा बेसमेंट किंवा पोडियमच्या सावलीत पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा.

पाच मिनिटं सलग चालवल्यावर मशिनच्या डोक्याला हात लावून बघा. गरम होणं ठीक, हात ठेवता न येणं ठीक नाही. १ नंबरवर मशिन हळू सुरू होतं का, तेही बघा. बटण दाबताच झटका देऊन पळणारं मशिन पहिल्याच दिवशी कंपाउंड भिंतीवर उडवतं.

चौथी पायरी: वीज

अमेरिकेतल्या भाचीने किंवा मुलाने पाठवलेलं मशिन १२० व्होल्टचं असतं. पिन बदलणारा ॲडाप्टर फक्त पिनचा आकार बदलतो; २३० व्होल्ट सरळ मोटरमध्ये जातात आणि ती जळते. त्याला निदान १५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, जो मशिनपेक्षा कितीतरी जड असतो. इथलंच घ्या.

९०० वॅटचं डीए साधारण ४ अँपिअर घेतं, साध्या प्लगवर चालतं. १४०० वॅटच्या रोटरीला १५ अँपिअरचा प्लग हवा. एक्स्टेंशनची वायर तीन कोअर, १.५ चौरस मिमीची, आणि रीलवरून पूर्ण सोडवलेली; गुंडाळलेली वायर आतून तापते. पार्किंगमधला प्लग सोसायटीच्या मीटरवर असतो, सेक्रेटरींना आधी विचारा.

बॅटरीवरचं मोठं मशिन मोहात पाडतं, कारण पार्किंगमध्ये प्लग नसतो. पण १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास असतात. मशिन ३०० वॅट जरी ओढत असेल तरी १८ मिनिटांत ती संपते, आणि अख्खी गाडी एकदा पॉलिश करायला तीन-चार तास लागतात. छोट्या ३ इंची मशिनला बॅटरी चालेल, मोठ्याला वायरच बरी.

पाचवी पायरी: उरलेले पैसे

बजेटचा तिसरा हिस्सा तरी पॅड आणि कंपाउंडसाठी ठेवा. एका गाडीला कापणारे चार-पाच आणि फिनिशिंगचे दोन पॅड लागतात. दोन पॅडवर अख्खी गाडी करायला गेलात तर वेल्क्रो तापून सुटतो. एक जादा बॅकिंग प्लेट आणि कार्बन ब्रशची (मोटरमधला झिजणारा भाग) एक जोडी मशिनसोबतच घ्या, नंतर त्याच मापाची शोधत फिरावं लागतं. एन९५ मास्क आणि सुरक्षा चष्मा वापरा; डॉक्टर वापरतात ती साधी मास्क बारीक धुळीला पुरत नाही.

टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर मशिन लावण्याआधी डाग काढणाऱ्या सौम्य आम्लाच्या द्रावणाने ते विरघळवा आणि गाडी धुऊन घ्या. क्षार तसेच ठेवून पॉलिश केलं तर तेच कण पॅडखाली नवे ओरखडे पाडतात.

गाडीचा एखादा भाग नुकताच रंगवला असेल तर निदान महिना-दोन महिने तिथे मशिन लावू नका, नवा पेंट आतून मऊ असतो. जुन्या गाडीचा कोणता भाग पुन्हा रंगवलेला आहे हे कळत नसेल, तर ओळखीच्या डेंटर-पेंटरकडून पेंटची जाडी मोजून घ्या. २०० मायक्रॉनच्या वरचा आकडा आला तर रंग दुसऱ्यांदा मारलेला आहे. ८० च्या खाली आला, तर आधी कोणीतरी भरपूर घासून ठेवलंय. तो भाग सौम्य फिनिशिंग पॉलिशवरच सोडा.

बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर ठाणे किंवा नवी मुंबईत आहे का ते पैसे देण्याआधी विचारा.