उष्णतेने उघडणारे लायपोसोम: तयार करण्याची आणि तपासण्याची पद्धत

लायपोसोम म्हणजे लिपिडाच्या (मेदरेणूंच्या) पटलाची, आत औषध धरणारी सूक्ष्म पिशवी. उष्णतासंवेदी लायपोसोमचे सारे काम ३७ आणि ४२ अंश सेल्सिअस यांमधल्या पाच अंशांत चालते. डीपीपीसी या लिपिडाचे पटल सुमारे ४१ अंशांना घट्ट अवस्थेतून प्रवाही होते आणि त्या संक्रमणात आतला पदार्थ बाहेर पाझरतो. १९७८ मध्ये मांडलेल्या या कल्पनेत पुढे ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी लायसोलिपिड (एकच मेदशेपूट असलेले लिपिड) मिसळले आणि पाझर काही सेकंदांवर आला. या लायपोसोममध्ये भरले जाणारे डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे, पेशींना घातक औषध असल्याने, हात बसेपर्यंत कॅल्सीन या चमकणाऱ्या रंगद्रव्यावरच सराव करावा.

डीपीपीसी, एमएसपीसी (हेच लायसोलिपिड) आणि डीएसपीई-पेग-२००० (पेग साखळी जोडलेले लिपिड) ही लिपिडे ८६:१०:४ या मोल प्रमाणात, म्हणजे एकूण २० मायक्रोमोल लिपिडाच्या मिश्रणासाठी अनुक्रमे सुमारे १२.६, १.०५ आणि २.२ मिलिग्रॅम, काचेच्या गोल फ्लास्कमध्ये क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवावीत. साध्या लायपोसोमची सवय असलेले विद्यार्थी येथे हमखास कोलेस्टेरॉल घालतात. त्याने संक्रमण बोथट होते, म्हणून ते टाळावे. रोटरी इव्हॅपोरेटरवर (फ्लास्क फिरवत द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) पातळ थर धरल्यावर उरलेला क्लोरोफॉर्म घालवण्यासाठी फ्लास्क काही तास निर्वातात ठेवावा.

५० मिलिमोलर कॅल्सीन सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ पीएचवर आणून त्याचे १ मिलिलिटर द्रावण ५० ते ५५ अंशांवर थरावर घालावे आणि थर पूर्ण सुटेपर्यंत फ्लास्क फिरवावा. त्यानंतर १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यातून एक्स्ट्रूडरने २१ वेळा दाबून काढावे. ही संख्या विषम ठेवावी, म्हणजे शेवटी सारे मिश्रण दुसऱ्या सिरिंजमध्ये पोहोचते आणि न गाळलेला कण त्यात राहत नाही. एक्स्ट्रूडरचा ठोकळा आधीच तापवलेला हवा. तो गार असला की सिरिंज जागीच अडते आणि जोर लावल्यास पडदा फाटतो.

मोकळे कॅल्सीन वेगळे करण्यासाठी सेफाडेक्स जी-५० चा (मोठे कण आधी आणि लहान रेणू मागून सोडणाऱ्या जेल-मण्यांचा) स्तंभ खोलीच्या तापमानाला वापरावा. धावक बफरची (स्तंभातून वाहवायच्या, पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची) ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचे एकूण प्रमाण, आतल्या द्रावणाशी जुळवून घेतली नाही, तर दाबाच्या फरकाने पटलावर ताण येतो आणि नंतरचे सारे आकडे संशयास्पद ठरतात. स्तंभात पुढे सरकणारा गढूळ नारिंगी पट्टा लायपोसोमचा असतो, तर मोकळे रंगद्रव्य मागून हिरवट चमकत येते, कारण आत दाटीने बसलेले कॅल्सीन स्वतःचीच चमक दाबते.

पाझर तपासताना पाण्याच्या कुंडाच्या पडद्यावरील आकड्यावर विसंबू नये. तापमापकाची बारीक सुई प्रत्यक्ष कुपीतील द्रावात बुडवून तापमान मोजावे. आधीच तापवलेल्या बफरमध्ये लायपोसोमचा लहानसा अंश सोडून १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट आणि ५ मिनिटांनी नमुने काढून ते तत्काळ बर्फावर ठेवावेत. सर्व नमुने एकाच तापमानाला आणून ४९० नॅनोमीटरने उद्दीपित करून ५२० नॅनोमीटरला वाचावेत. पटल फोडणारे ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून, तापवून, पुन्हा गार केलेला नमुना शंभर टक्के आणि न तापवलेला नमुना शून्य धरावा.

हाच प्रयोग ३७, ३९, ४१ आणि ४२ अंशांवर आधी बफरमध्ये आणि मग सीरममध्ये करावा. माझ्या मते दुसरा संच अधिक महत्त्वाचा आहे, कारण लायसोलिपिड पटलातून निसटू शकते आणि सीरममध्ये ३७ अंशांवरही थोडा पाझर दिसतो. तो जास्त आढळल्यास नवे मिश्रण करताना लायसोलिपिडाचे प्रमाण कमी करून पुन्हा तपासावे.