वेळ पुरत नाही म्हणून कृतज्ञता सुरू केली आणि ताण अजूनच वाढला? या चुका टाळा

नाशिकमध्ये हल्ली कुणालाही विचारा, वेळच नाही हो. कुणाची अंबड नाहीतर सातपूरला फर्स्ट शिफ्ट, कुणाला पहाटे उठून नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस गाठायची, संध्याकाळी द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं आणि घरी आलं की पोरांचा अभ्यास वाट बघत बसलेला. मग कुणीतरी सांगतं की ग्रॅटिट्यूड जर्नल लिही, म्हणजे ज्या गोष्टींबद्दल कृतज्ञ वाटतं त्या वहीत लिहून ठेव, बरं वाटेल. सल्ला खरंच चांगला आहे, माझा त्यावर विश्वास आहे, पण बरेच जण तो अशा पद्धतीने पाळतात की पंधरा दिवसांत कंटाळून सोडून देतात, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे त्याचंही एक काम करून टाकणं. नवी डायरी, रोज पहाटे उठून पाच गोष्टी लिहायच्या, एक दिवस चुकला की अपराधी वाटायचं. आधीच दिवस गच्च भरलेला, त्यात ही भर कशाला? रोजचा हट्ट मुळात लागतच नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा अभ्यास बघा, त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच लिहिलं, १० आठवडे, आणि त्यांना आपल्या आयुष्याबद्दल त्रासाची यादी करणाऱ्यांपेक्षा बरं वाटत होतं. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला, तीनदा लिहिणाऱ्यांचा नाही. रविवारी चहा घेताना चार ओळी लिहिल्या तरी पुरे.

दुसरी चूक, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे, ती म्हणजे मोघम लिहिणं. कुटुंब आहे, तब्येत ठीक आहे, देवाची कृपा. दर आठवड्याला तेच तेच लिहिलं की मनाला काही लागतच नाही. आणि तुमची तक्रार वेळेची असेल तर वेळेचंच बघा ना. आपला वेळ कुणी खाल्ला ते पक्कं लक्षात राहतं, मीटिंग लांबली, गॅसवाला उशिरा आला, पाहुणे बसून राहिले, पण कुणामुळे वेळ वाचला ते आपण मोजतच नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एक ताई आहेत, कंपनीत जातात, त्यांच्या सासूबाई रात्री टीव्ही बघता बघता मेथी निवडतात, लसूण सोलून डबीत भरून ठेवतात, सकाळी फक्त फोडणी टाकायची. ती डबी म्हणजे ताईंच्या सकाळची निदान वीस मिनिटं. असं लिहायचं, नाव आणि काम दोन्ही.

आणि नुसतं वहीत ठेवू नका, त्या माणसाला सांगा. गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड पाठवणं म्हणजे आभार नव्हे. आता आपल्याकडे घरच्यांना थँक्यू म्हटलं की ते म्हणतात आभार मानून परकं करतेस का, ते बरोबरच आहे, मग आभार मानू नका, फक्त काय झालं ते सांगा, "आई, तुम्ही लसूण सोलून ठेवला होता म्हणून आज माझी बस चुकली नाही." त्यांना बरोबर पोचतं. यात वेळ जातो असं वाटत असेल तर संशोधक कॅसी मोगिलनर आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास आहे, त्यात ज्यांनी काही मिनिटं दुसऱ्यासाठी दिली त्यांना आपल्याकडे वेळ जास्त आहे असं वाटलं. घड्याळ तेच, पण धावपळीची टोचणी कमी.

डोकं तापलेलं असताना जबरदस्ती करू नका. द्वारकाला मागून हॉर्न वाजतायत आणि तुम्ही मनाला बजावताय की गाडी आहे हेच नशीब, हे चालत नाही, आधी चिडून घ्या. तसंच "त्या बिचाऱ्यांकडे बघ, त्यांच्याकडे तर काहीच नाही" हेही टाळा, त्याने फक्त अपराधी वाटतं.

एक चूक मात्र फार महागात पडते. नोकरी आहे हेच खूप म्हणत रोज जास्तीचे तास थांबायचं, किंवा घर चांगलं आहे म्हणत स्वयंपाक, धुणं, म्हाताऱ्यांची औषधं सगळं एकटीने ओढायचं. कृतज्ञतेने दिवसाचे तास वाढत नाहीत हो. काम जास्त असेल तर ते वाटून घ्यावं लागतं, नाही म्हणावं लागतं, आणि झोपच उडाली असेल, छातीत धडधडत असेल तर डॉक्टरांकडे जा, वही बाजूला ठेवा.

काही सुचतच नसेल तर उलटं करून बघा, ही गोष्ट नसती तर? समजा शाळेच्या रिक्षावाल्या काकांनी उद्या सुट्टी घेतली. गाडी काढा, पोराला सोडा, ऑफिसला उशीर, दुपारी परत कोण आणणार म्हणून फोनाफोनी. एवढी सगळी धावपळ ते रोज वाचवतात. तेव्हा काकांना ते एकदा तोंडावर सांगा, आणि त्यांचे पैसे एक तारखेलाच द्या.