इंडेक्स आहे, तरी क्वेरी रांगते: इनोडीबीतला इंडेक्स स्कॅन कसा सुधारावा

मायएसक्यूएल क्वेरी कशी चालवणार ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेनच्या ‘की’ रकान्यात इंडेक्सचं (ओळी चटकन शोधायच्या सूचीचं) नाव दिसलं की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. पण इंडेक्स वापरला गेला, एवढंच त्यातून कळतं. त्यातल्या किती नोंदी चाळल्या आणि त्यासाठी मूळ टेबलात किती फेऱ्या झाल्या, हे कळत नाही. वेळ खातात त्या या फेऱ्या.

मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनात टेबल म्हणजे प्रायमरी कीचा (प्रत्येक ओळीच्या एकमेव ओळखीचा) बी-ट्रीच, म्हणजे क्रमाने लावलेलं झाड. दुय्यम इंडेक्समध्ये फक्त त्याचे स्वतःचे कॉलम आणि प्रायमरी की असते. क्वेरीला बाकी काही हवं असेल तर ती की घेऊन दुसऱ्या झाडात मुळापासून उतरावं लागतं. पान १६ केबीचं. ओळी विखुरलेल्या असतील तर जवळजवळ प्रत्येक ओळीला नवं पान, आणि ते बफर पूलमध्ये, म्हणजे मेमरीतल्या पानांच्या साठ्यात, नसेल तर थेट डिस्क.

उदाहरणासाठी मुंबईत घरपोच पार्सल देणाऱ्या एखाद्या सेवेचं टेबल धरू. ओळी ३ कोटी. पिनकोड व्हारकॅर ६, स्थिती टायनीइंट, नोंद_वेळ डेटटाइम, तिन्ही नॉट नल, कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४. इंडेक्स (पिनकोड, नोंद_वेळ, स्थिती) या क्रमाने. क्वेरी अशी: दादर पूर्वेच्या ४०००१४ मधली, गेल्या ७ दिवसांतली अडकलेली पार्सलं, नाव-पत्त्यासकट.

आधी ‘की_लेन’ वाचा

या रकान्याकडे कुणी बघत नाही, पण इंडेक्सचे किती कॉलम शोधायला कामी आले ते तोच सांगतो. पिनकोडचे ६ गुणिले ४ अधिक लांबीचे २, म्हणजे २६ बाइट. डेटटाइम ५, टायनीइंट १. कॉलम नल चालणारा असेल तर प्रत्येकी आणखी १. वरच्या क्वेरीत की_लेन ३१ येईल, ३२ नाही. म्हणजे स्थिती शोधात आलीच नाही, कारण तिच्या आधीच्या नोंद_वेळेवर ‘पासून पुढे’ अशी अट आहे. रेंज लागली की पुढचे कॉलम शोध अरुंद करत नाहीत.

एक्स्ट्रा रकान्यात मात्र ‘यूझिंग इंडेक्स कंडिशन’ दिसेल. ५.६ पासूनची ही सोय (इंडेक्स कंडिशन पुशडाउन, म्हणजे आयसीपी) स्थितीची अट इंडेक्सच्या पानावरच तपासते आणि फुकटच्या फेऱ्या वाचवते. समजा ७ दिवसांत त्या पिनकोडच्या १२,००० नोंदी आणि त्यांतली ३०० पार्सलं अडकलेली. मग फेऱ्या ३०० च होतात, पण चाळल्या जातात १२,००० नोंदी.

इथेच एक फसगत होते. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ (८.०.१८ पासून) प्रत्यक्ष ओळी ३०० दाखवतं आणि पुढची नोंद किती वेळा मागितली ते मोजणारा हँडलर_रीड_नेक्स्टही तेवढ्यातच राहतो, कारण गाळलेल्या नोंदी इंजिनाबाहेर येतच नाहीत. खरा आकडा हवा असेल तर त्याच क्वेरीत नो_आयसीपी हिंट (ही सोय बंद करणारी सूचना) देऊन ती एकदा चालवा. स्कॅनच्या ओळीत १२,००० आणि वरच्या फिल्टरच्या ओळीत ३०० दिसतील. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं, तेव्हा भर दुपारी चालू सर्व्हरवर हा प्रयोग नको. रेप्लिकावर, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या प्रतीवर, करा.

उपाय क्रम बदलण्याचा: (पिनकोड, स्थिती, नोंद_वेळ). बरोबरीच्या अटी पुढे, रेंज शेवटी. की_लेन ३२ होईल आणि चाळणी ३०० वर येईल. ‘जास्त वेगवेगळ्या किमतींचा कॉलम आधी’ हा सल्ला सगळीकडे फिरतो. दोन्हीकडे बरोबरीच असेल तर शोधाला त्याने जवळपास काहीच फरक पडत नाही.

अवतरणचिन्हांचा प्रश्न

पिनकोड अक्षरांच्या कॉलमात आणि क्वेरीत ४०००१४ अवतरणाविना, हा हमखास सापडणारा दोष. अक्षरांची आकड्याशी तुलना करताना इंजिन प्रत्येक किमतीचा आकडा करून बघतं. ‘४०००१४’, पुढे मोकळी जागा असलेला ‘४०००१४’ आणि ‘०४०००१४’ हे तिन्ही त्या आकड्याइतकेच भरतात, म्हणून इंडेक्सच्या क्रमावर विसंबता येत नाही आणि टाइप रकान्यात ‘ऑल’ येतं. एक्स्प्लेननंतर लगेच शो वॉर्निंग्ज चालवा, तिथे कारण सरळ लिहिलेलं असतं. जॉइनमधलं एक टेबल जुनं यूटीएफ८एमबी३ आणि दुसरं यूटीएफ८एमबी४ असेल तरी जुन्या बाजूचा इंडेक्स असाच वाया जाऊ शकतो. नोंद_वेळेवर डेट फंक्शन लावणंही त्याच जातीतलं. त्याऐवजी ‘आजच्या ००:०० पासून, उद्याच्या ००:०० च्या आत’ अशी अट लिहा.

अंदाज कुठे चुकतो

प्लॅन बिघडला की पहिला हात स्टॅटिस्टिक्स पुन्हा मोजणाऱ्या अ‍ॅनालाइझ टेबलकडे जातो. कधी उपयोग होतो, कधी अजिबात नाही.

साध्या अटींसाठी ऑप्टिमायझर (प्लॅन ठरवणारा भाग) इंडेक्समध्ये स्वतः डोकावून रेंजमध्ये किती नोंदी आहेत ते पाहतो. हा अंदाज बहुधा ठीक असतो, स्टॅटिस्टिक्स शिळे असले तरी. पण बरोबरीच्या रेंज ईक्यू_रेंज_इंडेक्स_डाइव्ह_लिमिटइतक्या झाल्या की डोकावणं बंद. ही मर्यादा मुळात २००. आणि यादी छोटी वाटली तरी गुणाकार होतो. समजा अहवालात शहर-उपनगरं मिळून ६० पिनकोड आणि ‘वाटेत’, ‘अडकलं’ वगैरे ४ स्थिती आहेत, वेळेची अट नाही. ६० गुणिले ४ म्हणजे २४० रेंज. आता सरासरीवर काम चालतं: एकूण पिनकोड १०० आणि स्थिती ६ असतील तर ३ कोटी भागिले ६००, म्हणजे जोडीमागे ५० हजार. गुणिले २४० म्हणजे १ कोटी २० लाखांचा अंदाज. प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्या ओळी ‘पोचलं’ या स्थितीत असतात आणि त्या ४ स्थितींत मिळून काही हजारच. पण अंदाज बघून ऑप्टिमायझर अख्खं टेबल वाचायला घेतो. इथे अ‍ॅनालाइझ दहादा चालवा, काही होणार नाही. सरासरी चुकलेलीच नाही. त्या सेशनपुरती मर्यादा ३०० करा. एका रेंजला दोनदा, म्हणजे ४८० वेळा झाडात उतरावं लागेल. वरची पानं मेमरीत असताना हे स्वस्तच पडतं.

अ‍ॅनालाइझ कामी येतं ते जॉइनमध्ये, कारण तिथे अंदाज सरासरीवरच असतो. इनोडीबी मुळात इंडेक्समागे २० पानांचा नमुना घेतं; ३ कोटी ओळींच्या विस्कळीत टेबलाला तो अपुरा पडू शकतो. त्या टेबलापुरतं स्टॅट्स_सॅम्पल_पेजेस १०० किंवा २०० करून मग अ‍ॅनालाइझ चालवा. आपोआप मोजणी सुमारे १० टक्के ओळी बदलल्यावर होते, म्हणजे इथे ३० लाख. जुलैच्या पावसात लोकल ठप्प होऊन एका दिवसात लाखभर पार्सलं अडकली तरी त्या मोजणीला खबरही लागत नाही. हिस्टोग्राम (कॉलममधल्या किमतींच्या वाटणीची नोंद) तर ८.० मध्ये आपोआप ताजे होतच नाहीत, ते हातानेच करावे लागतात.

कव्हरिंग इंडेक्स असूनही मंद

एक्स्ट्रामध्ये ‘यूझिंग इंडेक्स’, म्हणजे टेबलात फेरी नको. तरीही वेळ लागतो? दुय्यम इंडेक्सच्या नोंदीत तिची आवृत्ती लिहिलेली नसते. पानावर फक्त शेवटी बदल करणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक असतो. तो तुमच्या स्नॅपशॉटपेक्षा (तुमच्या क्वेरीला दिसणाऱ्या डेटाच्या क्षणापेक्षा) नवा असेल तर ओळ दिसण्याजोगी आहे का, हे ठरवायला मूळ टेबलातच जावं लागतं. कुणीतरी सकाळी ट्रान्झॅक्शन उघडून चहाला गेलं की पर्ज, म्हणजे जुन्या नोंदींची सफाई, अडतो आणि खुणा केलेल्या मृत नोंदी साचतात. शो इंजिन इनोडीबी स्टेटसमध्ये ‘हिस्ट्री लिस्ट लेंग्थ’ बघा. ती सतत चढत असेल तर इंडेक्सला हात लावू नका, आधी ते ट्रान्झॅक्शन शोधून मिटवा.

‘ऑर्डर बाय नोंद_वेळ’ आणि लिमिट ५० असताना ऑप्टिमायझर पिनकोडचा इंडेक्स सोडून नुसत्या नोंद_वेळेच्या इंडेक्सवर चालत सुटतो, हे दुसरं जुनं दुखणं. जुळणाऱ्या ओळी विरळ असतील तर ५० मिळेपर्यंत लाखो चाळल्या जातात. ८.०.२१ पासून प्रेफर_ऑर्डरिंग_इंडेक्स त्या क्वेरीपुरतं बंद करता येतं. वरचा नवा इंडेक्स क्रमही देतो, त्यामुळे बऱ्याचदा त्याचीही गरज उरत नाही.

नवा इंडेक्स चढवताना

शेवटची लोकल गेल्यावरची वेळ बरी, पण रात्रीचे अहवाल कधी चालतात ते आधी पाहा. इंडेक्स ‘इन्व्हिजिबल’ (ऑप्टिमायझरला न दिसणारा) म्हणून, अल्गोरिदम इनप्लेस आणि लॉक नन देऊन बनवा. लॉक नन म्हणजे लॉकच नाही असं नव्हे: सुरुवातीला आणि शेवटी मेटाडेटा लॉक (टेबलाच्या रचनेवरचा) लागतो. एखादं उघडं ट्रान्झॅक्शन आड आलं तर इंडेक्स बनवणारं ऑल्टर थांबतं आणि त्याच्यामागे त्या टेबलाच्या सगळ्या क्वेऱ्या तुंबतात. लॉक_वेट_टाइमआउटची मूळ किंमत ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे अख्खं वर्ष. त्या सेशनमध्ये ती ५ वर आणा. दरम्यानचे बदल इनोडीबी_ऑनलाइन_ऑल्टर_लॉग_मॅक्स_साइझमध्ये, म्हणजे मुळात १२८ एमबीत, मावले पाहिजेत. नाही मावले तर तासाभराचं काम शेवटी एरर देऊन परत फिरतं. रेप्लिकावर हेच काम मुख्य सर्व्हरचं संपल्यावर सुरू होतं, तेव्हा ती तेवढी मागे पडेल (लॅग) हे धरून चाला.

मग आपल्या सेशनमध्ये यूज_इन्व्हिजिबल_इंडेक्सेस चालू करून प्लॅन आणि वेळ तपासा, आणि पटलं की व्हिजिबल करा. जुना इंडेक्स लगेच पाडू नका. तो इन्व्हिजिबल करून महिनाअखेरची बिलं होईपर्यंत ठेवा. त्याआधी कोडमध्ये ‘फोर्स इंडेक्स’ शोधा: लपवलेल्या इंडेक्सचं नाव हिंटमध्ये असेल तर क्वेरी हळू होत नाही, थेट एररने पडते.