ले-आउटमध्ये बिबट आला तर

ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या, ग्रुपवर बिबट दिसल्याचा मेसेज पडला की पिंजऱ्याची मागणी लगेच सुरू होते. त्याआधी ते जनावर बिबटच होतं का, हे ठरवा. रानमांजर, उदमांजर आणि तडस हे तिघं नागपूरच्या कडेला रोजचे आहेत आणि रात्रीच्या सीसीटीव्हीत तिघंही बिबट वाटतात.

इन्फ्रारेड कॅमेऱ्यात सगळंच करडं दिसतं, अंगावरचे ठिपके पुसले जातात. म्हणून ठिपके शोधत बसू नका, माप घ्या. जनावर जिथून गेलं नेमकी ती जागा शोधा आणि दिवसा तिथे दोन फुटांची काठी उभी धरून त्याच कॅमेऱ्यातून चित्र घ्या. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. मोठ्या बिबटाचा खांदा दोन-सव्वादोन फुटांवर येतो, शेपूट लांब आणि टोकाशी वर वळलेली असते. रानमांजर सव्वा फुटाच्या आसपास, शेपूट आखूड. तडसाची पाठ खांद्यापासून मागे उतरत जाते.

ठसा मिळाला तर त्यावर घमेलं पालथं घाला, नाहीतर बघ्यांच्या चपला तो पाच मिनिटांत मिटवतात. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून, बरोबर वरून फोटो घ्या. नाणं २.७ सेंटीमीटरचं, त्यावरून माप निघतं. बिबटाचा ठसा साधारण ७ ते ९ सेंटीमीटर रुंद असतो. नखं उमटत नाहीत आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्रा आणि तडस यांची नखं उमटतात. ओल्या चिखलात ठसा पसरतो, त्यामुळे माप घट्ट मातीवरच्या ठशाचं घ्या. तेही १२ सेंटीमीटरच्या पुढे गेलं तर प्रकरण पट्टेदार वाघाचं आहे, आणि ते अशक्य समजू नका. नागपूरच्या एका अंगाला बोर, दुसऱ्या अंगाला उमरेड-कऱ्हांडला, वर पेंच, तिन्ही वाघांची जंगलं. २०१९ मध्ये शहराला लागून असलेल्या मिहान या औद्योगिक परिसरात वाघ येऊन गेलाच होता.

बिबट आहे हे पक्कं झालं, किंवा समोरच दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि गर्दी जमू लागली असेल तर ११२ वर पोलिसांनाही कळवा. फोनवर चार गोष्टी सांगा: नेमकी जागा, किती वाजता दिसला, कुठल्या दिशेने गेला, आणि आत्ता तो मोकळा आहे की कुठे अडकलाय. शेवटची सर्वांत महत्त्वाची, कारण पथक जाळी आणि बेशुद्धीची बंदूक घेऊन निघणार की नुसतं गस्तीला, हे त्यावर ठरतं.

तो नाल्यात किंवा रिकाम्या प्लॉटवर मोकळा असेल तर त्याला काही करायचं नाही. बेशरमच्या झाडीने भरलेला नाला हीच त्याची येण्याजाण्याची वाट. दिवसभर तो तिथे दबून बसतो आणि अंधार पडला की निघून जातो. २०२१ च्या मे-जूनमध्ये नागपुरात गायत्रीनगर, आयटी पार्क ते महाराजबाग असा भर वस्तीत बिबट फिरला, पण माणसाच्या वाटेला गेला नाही. बिघडतं ते गर्दीमुळे. चारी बाजूंनी माणसं, गच्चीवरून आरडाओरडा, फटाके, वर घोंघावणारा ड्रोन. मग त्याला सुटायची एकच वाट उरते, माणसांमधून. म्हणून नाल्याकडची बाजू पूर्ण मोकळी ठेवा, त्या बाजूला गाडीसुद्धा लावू नका.

खोलीत किंवा गोदामात शिरला असेल तर गणित उलटं. जवळ न जाता जमत असेल तर दार बाहेरून ओढून कडी घाला आणि झरोक्या-खिडक्यांवर बाहेरून सतरंजी किंवा ताडपत्री टाका. अंधारात तो शांत बसतो. खिडकीत एक मोबाइल दिसला की काचेवर झेप घेतो.

बेशुद्ध करायचा निर्णय तुमचा नाही, वनरक्षकाचाही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधलं, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेलं, जनावर पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. डार्ट (बेशुद्धीच्या औषधाची सुई) लागल्यावर बिबट सिनेमातल्यासारखा जागीच आडवा होत नाही. औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात घाबरलेला बिबट तीन घरांच्या कुंपणांवरून जाऊ शकतो. ‘अजून डार्ट का मारत नाही’ म्हणून पथकाशी हुज्जत घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. अंधारात तर बेशुद्ध जनावर झाडीत हरवतं.

अचानक समोर आलात तर पळू नका, वाकू नका, बसू नका. मूल सोबत असेल तर नजर बिबटावर ठेवून मुलाला उचलून घ्या, मोठ्याने बोलत मागे सरका. बसलेला माणूस त्याला बकरीच्या उंचीचा दिसतो. पहाटे उघड्यावर बसणं, तुरीत किंवा पऱ्हाटीत (कपाशीत) वाकून काम करणं यात धोका आहे तो यामुळे. दोघांनी मिळून काम करा, एकाने उभं राहावं.

बकऱ्या असतील तर खर्च कोठ्यावर (गोठ्यावर) करा, तोही आधी छपरावर. भिंत कितीही उंच करा, बिबट छपराची कवेलू (कौलं) सरकवून वरून उतरतो, आणि बंद कोठ्यात सैरावैरा पळणाऱ्या बकऱ्या एकामागून एक मारतो, खातो एखादीच. कवेलूंच्या खाली दोन इंची चौकटीची वेल्डेड जाळी बांधा. ती भिंतीवर नुसती टेकवू नका, लोखंडी पट्टीने आवळा, कारण पंजा सैल कडेतच अडकतो. दाराखाली तीन इंचांपेक्षा जास्त फट नको, कडी बाहेरून हवी. बल्ब लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रोज जळणाऱ्या दिव्याची त्याला सवय होते.

बिबटाला वस्तीत ओढून आणतात ती मोकाट कुत्री आणि डुकरं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. मटण-चिकनच्या दुकानांचा कचरा नाल्यात पडतो तोवर कुत्री राहणार, आणि तोवर बिबटही येणार. महापालिकेकडे तक्रार करायची तर या कचऱ्याची करा.

आता तो पिंजरा. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात २००१ ते २००३ दरम्यान बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. ओळखीच्या जागेतून उपटलेला बिबट नव्या जागी भटकतो, आणि इथे रिकामी झालेली जागा दुसरा घेतो. माणसावर हल्ला झाला असेल तर पिंजरा हवाच. नुसता दिसला म्हणून नको.

शेतात पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. जागा सोडा, वनविभागाला कळवा. आई बहुधा त्याच रात्री येऊन उचलून नेते.

गाय-बकरी मारली गेली तर भरपाईसाठी ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवू नका. हलवलं की दावा अडतो. रागाच्या भरात त्यावर विष टाकलं तर तो गुन्हा आहे. माणसाला पंजा किंवा दात लागला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका, सरळ मेडिकल किंवा मेयो हे नागपूरचं सरकारी रुग्णालय गाठा. रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं सीरम दोन्ही मागा. केसपेपरवर ‘वन्यप्राण्याचा हल्ला’ असं लिहून घ्या. भरपाईच्या अर्जाला तोच कागद लागतो.